मुलाच्या गावात, मुलाच्या चालीने

१ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. बाल न्याय कायद्यातल्या या दुरुस्तीवर त्या वेळी जी चर्चा झाली ती सगळी वेळेभोवती फिरत होती. न्यायालयात प्रकरणे तुंबतात, जिल्हाधिकारी लवकर निकाल देतील, असे एका बाजूचे म्हणणे. महसूल, निवडणुका आणि अतिवृष्टीचे पंचनामे यांत बुडालेल्या अधिकाऱ्याला लहान मुलाच्या भवितव्याचा विचार करायला सवड कुठून मिळणार, हा दुसऱ्या बाजूचा सवाल. दोन्हींत तथ्य आहे. पण या बदलाचा आणखी एक अर्थ आपण परभणीकरांनी अजून मनावर घेतलेला नाही. जिल्ह्यातल्या दत्तक संस्थेत वाढणारे मूल सातासमुद्रापार जाणार असेल, तर त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी सही आता परभणीतच व्हायची आहे. मुंबई-पुण्याकडे बोट दाखवायची सोय उरलेली नाही. ते मूल कोणाचा हात धरून जाते, जाण्याआधी त्या माणसांना किती ओळखते, इथले काय काय बरोबर नेते, याचा जाब आता याच जिल्ह्याला विचारला जाईल.

माझे म्हणणे थोडक्यात असे. परदेशातून येणाऱ्या आईबापांची आणि मुलाची पहिली भेट मुलाच्या गावात व्हावी, आदेशावर सही होण्याच्या आधी व्हावी, आणि ती दोन तासांत उरकू नये. निदान आठवडाभर चालावी. आजचे नियम पालकांना आधी येऊ देतात, पण या म्हणत नाहीत. इच्छा असेल तर संस्थेत येऊन मुलाला पाहावे, एवढीच मोकळीक आहे. सक्ती आहे ती मुलाला न्यायला स्वतः येण्याची. त्यामुळे अनेक कुटुंबांचा एकच प्रवास होतो आणि तो सगळे कागद हातात आल्यावर होतो. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे म्हणजे ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र आले, आदेश निघाला, मुलाचा पासपोर्ट तयार झाला, की विमानाची तिकिटे निघतात. मग मुलाची नव्या माणसांशी पहिली भेट आणि जुन्या माणसांचा कायमचा निरोप एकाच आठवड्यात होतो, कधी तर एकाच दिवशी.

एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. आजची रीत पूर्वीपेक्षा कितीतरी बरी आहे. १९७० आणि १९८०च्या दशकांत पालकांनी यायचेच असे नव्हते. संस्थेने नेमलेला कोणी माणूस दोन-चार मुलांना घेऊन विमानात बसायचा आणि परक्या विमानतळावर ती मुले परक्या माणसांच्या हाती सोपवायचा. सरू ब्रायर्लीची गोष्ट पुस्तकामुळे आणि सिनेमामुळे जगभर गेली. तो मूळचा खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला. खांडवा आपल्याला परके नाही. पूर्णा जंक्शनहून अकोल्यावरून मीटरगेजची गाडी खांडव्याला जायची, त्या गाडीने अजमेर-जयपूर गाठणारी माणसे आपल्या भागात अजून आहेत. १९८६ मध्ये पाचेक वर्षांचा हा मुलगा बऱ्हाणपूर स्टेशनवर भावापासून चुकला आणि रिकाम्या गाडीत झोपून कोलकात्याला पोहोचला. १९८७ मध्ये त्याला टास्मानियातल्या जोडप्याने दत्तक घेतले. त्या दोघांनी मुलाला पहिल्यांदा पाहिले ते मेलबर्नच्या विमानतळावर. माणसे फार चांगली होती, त्यांनी त्याला जिवापाड वाढवले. तरीही मोठेपणी तो रात्र-रात्र गुगल अर्थवर रेल्वेचे रूळ धुंडाळत राहिला, आणि २०१२ मध्ये आपल्या आईच्या दारात जाऊन उभा राहिला. नंतर त्याची ऑस्ट्रेलियातली आईही भारतात आली आणि दोघी आया भेटल्या. त्याचे गाव कोणते हे १९८७ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते, हे खरे. पण आपले मूल कुठल्या हवेत, कुठल्या आवाजात, कोणाच्या मांडीवर वाढले हे त्या आईला प्रत्यक्ष पाहायला मिळाले ते मूल मोठे झाल्यावर, सुमारे पंचवीस वर्षांनी.

त्याच्या आधीचीच, पण वेगळी गोष्ट पुण्याची. १३ ऑगस्ट १९७९ रोजी जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’ या बालगृहात आली. तिथे तिचे नाव लैला ठेवले होते. परदेशात राहणारे हरेन आणि स्यू स्थळेकर हे जोडपे स्वतः तिथे गेले, तिला पाहिले आणि घेतले. अमेरिका, केनिया असा प्रवास करत हे कुटुंब सिडनीत स्थिरावले. ही लिसा स्थळेकर पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाची कर्णधार झाली आणि एकदिवसीय सामन्यांत १,००० धावा आणि १०० बळी अशी जोडकामगिरी करणारी पहिली महिला ठरली. ती कर्णधार झाली म्हणून ते दत्तक यशस्वी झाले, असे मला म्हणायचे नाही. तिच्या आईबापांनी ते बालगृह डोळ्यांनी पाहिले होते. मोठेपणी ती पुण्याला त्या बालगृहात गेली, तेव्हा ज्या जागेविषयी घरात बोलणे झाले होते त्या जागेत ती गेली. दोघांच्या परतण्यातला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष भेटीकडे येऊ. परदेशी जोडप्याची तयारी वर्षानुवर्षे चाललेली असते. त्यांच्या देशातल्या अधिकृत संस्थेकडे नोंदणी, घराची तपासणी, उत्पन्नाचे दाखले, पोलीस पडताळणी, वैद्यकीय चाचण्या, समुपदेशनाचे वर्ग हे सारे पार पडते. मग एके दिवशी मुलाचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. फोटो येतो. तो फोटो घरात लागतो, खोली रंगवली जाते, आजी-आजोबांना कळवले जाते. परभणी नकाशावर शोधली जाते. म्हणजे ती माणसे इथे येतात तेव्हा मनाने केव्हाच आई आणि बाप झालेली असतात.

आणि मूल? चार वर्षांच्या मुलाला त्या दिवशी सकाळी लवकर उठवतात. डोक्याला तेल, नवा फ्रॉक, पावडर. सांभाळणारी मावशी आज वेगळीच वागते आहे, हे त्याला कळते. ती मध्येच डोळे पुसते आणि मध्येच दटावते. मग कार्यालयाच्या खोलीत नेतात. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर बिस्किटांची बशी, भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी. दोन उंच माणसे, कातडीचा रंग कधी न पाहिलेला, अंगाला अनोळखी वास, बाप्याला दाढी. संस्थेत वाढणाऱ्या मुलाच्या आसपास दिवसभर बायकाच असतात. पुरुषाचा जाड आवाज ऐकूनच पुष्कळ मुले दचकतात. ती बाई गुडघ्यांवर बसते, हात पसरते, काहीतरी बोलते. मोबाइल समोर धरलेले असतात. सगळे म्हणतात, “जा, आई आली ना तुझी!” मूल मावशीच्या पदरामागे जाते. मग कोणीतरी त्याला उचलून पुढे ठेवते. त्याच्या हातात एक मऊ खेळणे येते. ते रडत नाही, गप्प होते. आणि खोलीतली मोठी माणसे एकमेकांना सांगतात, “बघा, किती लवकर रुळलं!”

हे गप्प होणे म्हणजे रुळणे, असा गैरसमज करून घेणे फार सोपे आहे. लहान मूल घाबरून थिजते तेव्हाही असेच गप्प होते. मुलांबरोबर काम करणाऱ्या कुठल्याही जाणत्या बाईला विचारा, रडणाऱ्या मुलापेक्षा न रडणाऱ्या मुलाची काळजी तिला अधिक वाटते.

त्याच रात्री हॉटेल. संस्थेत सतरंजीवर ओळीने झोपणारी मुले असतात. शेजारच्याचा पाय अंगावर पडलेला, वर पंखा घरघरतो आहे, कोपऱ्यात मिणमिणता दिवा. इथे बंद काचा, एसीची थंडी, पांढऱ्या गादीचा पलंग आणि अंधार. जेवायला वरणभात नाही. शू लागली तर कोणाला, काय म्हणून सांगायचे हे माहीत नाही. जिंतूरकडच्या तांड्यावरून आलेल्या मुलाच्या तोंडी तर गोरमाटी असते, परभणी शहरातल्या एखाद्या मुलाच्या तोंडी दखनी. इंग्रजी सोडाच, प्रमाण मराठीही त्याची नसते. दुसऱ्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसून हैदराबाद किंवा मुंबई, आणि मग विमान.

आपल्याकडे मुलगी सासरी जायची तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण जायची. आत्या, मावशी, आजी, कोणीतरी माहेरचे माणूस काही दिवस तिच्याजवळ राहायचे. विशीतली मुलगी, भाषा तीच, ज्वारीची भाकरी तीच, माहेर दोन-चार तासांच्या अंतरावर, तरीही आपल्या जाणत्या बायकांना एकटे पाठवणे बरे वाटले नाही. परक्या घरात पहिले चार दिवस ओळखीचा चेहरा लागतो, हे त्यांना समजले होते. मग चार वर्षांच्या लेकराला समुद्रापार पाठवताना आपण पाठराखीण का देत नाही? विमानात मावशी जाऊ शकणार नाही, हे उघड आहे. पण ती आठवडाभर इथे तर राहू शकते. पालक रोज संस्थेत येतील. पहिल्या दिवशी नुसते बसतील, दुसऱ्या दिवशी मावशीबरोबर अंघोळ घालतील, मग तिच्या देखत भरवतील, तिच्याकडून झोपवायची रीत शिकतील: पाठीवर थापटायचे की पाळण्याला झोका द्यायचा, कपाळावरून हात फिरवायचा की अंगाई. एक दुपार बाहेर, एक रात्र बाहेर, परत संस्थेत. मुलाच्या समोर मावशीने त्यांच्या हातात मुलाचा हात दिला की मुलाला जे कळते, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशातून कळत नाही. मावशी ही त्या मुलाच्या दृष्टीने त्या क्षणापर्यंतची आईच असते. तिला आपण पगारी कर्मचारी समजून भेटीच्या वेळी खोलीबाहेर उभे करतो.

यावर संस्थाचालकांचा एक आक्षेप नेहमीचा आहे, आणि तो हलका नाही. ताटातूट व्हायचीच आहे तर लांबवता कशाला? मूल जास्त रडेल, मावशी खचेल, मागे राहणारी मुले रोज त्या पाहुण्यांकडे आशेने बघतील. शेवटचा मुद्दा मला सर्वात जास्त अस्वस्थ करतो. दर भेटीला इतर मुले दारात येऊन उभी राहतात आणि त्यांतले एखादे विचारते, “माझे कधी येणार?” या प्रश्नाला आठवडाभर तोंड देणे सोपे नाही. त्यावर उपाय आहे. भेटीची खोली वेगळी ठेवता येईल, बाहेरच्या बागेत किंवा पालकांच्या मुक्कामी भेटता येईल. पण ‘पटकन तोडले की दुखत नाही’ हे मात्र मला मान्य नाही. दुखणे मोठ्यांना कमी होते. रडण्याचा आवाज संस्थेत ऐकू येत नाही, कारण ते मूल हजारो मैल दूर, ज्याला त्याच्या रडण्याचे शब्द कळत नाहीत अशा घरात रडत असते.

दुसरा आक्षेप पालकांच्या बाजूचा. सुट्टी मिळत नाही, खर्च परवडत नाही, परभणीत मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश ऊन असते. हे सगळे खरे आहे. पण जन्मभराचे मूल घ्यायला येणाऱ्या माणसाने आठवडाभर आमचे ऊन सोसणे ही फार मोठी मागणी नाही. उलट ते ऊन, ती धूळ, वसमत रोडवरची गर्दी, बसस्थानकावरचा कोलाहल, थाळीतला ठेचा हे सगळे त्यांनी सोसलेले असले, की दहा वर्षांनी मुलगी विचारेल तेव्हा त्यांच्याजवळ सांगायला काहीतरी असेल. गोदावरी पाहिली का, गंगाखेडला गेलो का, मी राहायचे तिथे झाड कुठले होते? फाइलमध्ये झाड नसते.

आणि एक कायद्याचा मुद्दा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे आदेश देण्याआधी दत्तक मुलाच्या हिताचे आहे याची खात्री करायची असते, आणि मुलाचे वय व समज पाहून त्याच्या इच्छेचा विचार करायचा असतो. ज्या माणसांना त्याने पाहिलेलेच नाही, त्यांच्याकडे जायची त्याची इच्छा आहे की नाही हे कसे ठरवणार? व्हिडिओ कॉलवर हात हलवणे म्हणजे संमती मानायची काय? सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न टाळणे म्हणजे कलमाची अक्षरे पाळून त्याचा हेतू मोडणे आहे.

या सगळ्याआधीचा एक प्रश्न आहे आणि तो आपल्याच दारातला आहे. ही मुले परदेशी जातात तरी का? नियमांचा क्रम स्पष्ट आहे. मूल कायद्याने दत्तकासाठी मुक्त झाले की आधी भारतातले आणि त्यांच्या बरोबरीने अनिवासी भारतीय पालक; परदेशी जोडप्यांचा क्रमांक त्यांच्यानंतर. ‘कारा’च्या आकड्यांप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ४,००० दत्तके झाली, त्यांतली ४५०च्या आसपास परदेशी गेली. दुसरीकडे देशात ३०,०००हून अधिक पालक रांगेत आहेत आणि त्यांना तीन-तीन वर्षे वाट पाहावी लागते. एवढे पालक थांबलेले असताना मुले बाहेर का जातात? कारण रांगेतल्या बहुतेकांना तान्हे, निरोगी बाळ हवे असते. पाच वर्षांवरचे, हृदयाला छिद्र असलेले, ऐकू न येणारे, दोन भावंडे एकत्र असलेले मूल आपण मागे सारतो. त्याच मुलासाठी मिलानहून किंवा बोस्टनहून कोणीतरी येते.

आपण ‘मोठे मूल जीव लावत नाही’ असे सहज म्हणतो. महाराष्ट्राचा इतिहास असे म्हणत नाही. १८७५ मध्ये कवळाण्याहून बडोद्याला नेलेले गोपाळराव बारा वर्षांचे होते. ते सयाजीराव गायकवाड झाले. १८८४ मध्ये कागलहून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले यशवंतराव नऊ वर्षांचे होते. ते राजर्षी शाहू झाले. आपण ज्या दोन राजांचे नाव आदराने घेतो ते दोघेही जाणत्या वयात दत्तक गेलेले. गादीला वारस हवा होता म्हणून मोठी मुले चालली. घराला लेकरू हवे असते तेव्हा तीच का चालत नाहीत? वारसासाठी नसलेल्या दत्तकाचा पाठही आपल्याकडेच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. रक्त, जात, नाव यांतले काहीही न बघता. तो डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याबरोबर रुग्णसेवा करतानाच गेल्या.

परभणीच्या मातीतली एक लेक या संदर्भात मला सारखी आठवते. परंपरा सांगते की जनाबाई गंगाखेडची. तिच्या बापाने, दमाने, तिला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवले. परक्या घरात मूल सोपवायची ही आपल्या जिल्ह्यातली सर्वात जुनी कहाणी म्हणता येईल. त्या घरात तिला नामदेवांचा सहवास मिळाला, भक्ती मिळाली, अभंग मिळाले. पण दळण, कांडण, शेणगोठाही तिच्याच वाट्याला आला. ती स्वतःला नामयाची दासीच म्हणत राहिली. परक्या घरी सोपवलेले मूल तिथे लेकरू म्हणून राहील की राबणारे हात म्हणून, ही भीती सातशे वर्षांपूर्वीही खरी होती आणि आजचा सगळा दत्तक कायदा त्याच भीतीपोटी उभा आहे.

ती भीती निराधार नाही. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी परदेशी दत्तकांतील गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, ते याचिका म्हणून दाखल झाले आणि न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी १९८४ मध्ये त्यावर निकाल दिला. तोवर परदेशी जोडपी १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली नुसती पालक नेमली जात आणि मूल घेऊन जात; तिथे पुढे काय होते हे पाहणारे कोणी नव्हते. त्या निकालाने चौकशी, छाननी, पाठपुरावा यांचा पाया घातला. १९९०मध्ये ‘कारा’ आली, २००३मध्ये भारताने हेग कराराला मान्यता दिली. तरी पुण्यातल्या ‘प्रीत मंदिर’ संस्थेचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आणि केंद्रीय अन्वेषण विभागापर्यंत गेलेच. मुंबईहून लहानपणी अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीचे नागरिकत्वाचे कागदच कोणी पूर्ण केले नाहीत. ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरली, आणि २००८मध्ये, नवरा आणि दोन मुले तिथे ठेवून, तिला भाषाही न येणाऱ्या देशात म्हणजे भारतात परत पाठवण्यात आले. पुण्याहून जर्मनीत दत्तक गेलेल्या अरुण डोहले यांना स्वतःचीच फाइल बघण्यासाठी भारतातल्या न्यायालयांत वर्षानुवर्षे भांडावे लागले.

असे प्रसंग पाहून नेदरलँड्सने २०२१मध्ये परदेशातून दत्तक घेणे तात्पुरते थांबवले. चीननेही २०२४मध्ये आपली मुले परदेशी देणे जवळजवळ बंद केले. आपणही बंद करावे, असे म्हणणारे प्रामाणिक लोक आहेत. त्यांचा युक्तिवाद मला अर्धा पटतो. जो देश आपल्या आजारी आणि मोठ्या मुलांना घरे देऊ शकेल त्याने ती बाहेर का पाठवावीत? पण आपण ती घरे अजून देत नाही. दार आज बंद केले तर सात वर्षांची बहिरी मुलगी संस्थेतच अठरा वर्षांची होईल आणि मग एका पिशवीत कपडे घेऊन बाहेर पडेल. तिला आईबाप मिळत असतील तर ते इटालियन आहेत म्हणून नाकारण्याचा हक्क आपल्याला नाही. म्हणून दार उघडे ठेवावे, आणि दारातून बाहेर पडायची रीत सुधारावी.

ती रीत सुधारताना मुलाच्या पहिल्या आईला विसरून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या विशीतल्या जवळपास निम्म्या महिलांचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. कोवळ्या वयातली लग्ने, ऊसतोडीला सहा-सहा महिने गाव सोडून जाणारी कुटुंबे, फसवणूक, अत्याचार, आणि या सर्वांवर गावाची जीभ. बाळ सोपवणारी मुलगी यांतूनच येते. बाल कल्याण समितीपुढे बाळ सोपवल्यावर विचार बदलायला तिला साठ दिवस मिळतात. तिचे नाव गुप्त राहते आणि ते राहिलेच पाहिजे. पण नाव न उघडता ती काही मागे ठेवू शकते: एखादे पत्र, एखादे लुगड्याचे फडके, दोन ओळी. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला आपले मूळ शोधण्याचा हक्क आहे. त्या दिवशी त्याच्या हातात निदान एवढे तरी पडावे. हे मागण्यासाठी वेगळा कायदा लागत नाही. तिच्याशी नीट, न दटावता बोलणारी एक समुपदेशक लागते.

येणाऱ्या पालकांनाही माझे सांगणे आहे, त्यांत अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक झालेली मराठी जोडपीही आली. मराठी घर, मराठी सण, म्हणून आपली तयारी आपोआप झाली असे त्यांनी समजू नये. पुण्याच्या कोथरूडची मराठी आणि पालमच्या शिवारातली मराठी यांत मुलाला भिंत वाटू शकते. पाणी, भूक, शू, दुखतंय, झोप आणि नको हे शब्द मूल जसे बोलते तसे कानाला सवयीचे करून या. ‘नको’ ऐकू आले की थांबा. पहिल्या दिवशी उचलून घेऊ नका. मुलाचे नाव बदलायचेच असेल तर जुने नाव मधे राहू द्या. मावशीचा आवाज रेकॉर्ड करून न्या, संस्थेतल्या दाराचा, झाडाचा, सतरंजीचा फोटो न्या. अंगावरची जुनी गोधडी धुऊ नका, तशीच न्या. पहिले काही महिने तो वासच त्याचे घर असेल.

जिल्हा प्रशासनाला मागणी साधी आहे. परदेशी दत्तकाचे प्रकरण समोर आले की जिल्हा बाल संरक्षण कक्षाने पालकांना आदेशापूर्वी बोलवावे. सात दिवसांच्या रोजच्या भेटींची नोंद ठेवावी. मावशीचे म्हणणे लिहून घ्यावे. मूल पाच वर्षांवरचे असेल तर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाने, पालक खोलीत नसताना, बोलावे. हे सगळे कागद पाहिल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी सही करू नये. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहायचे कारण नाही. मुलाच्या हिताची खात्री करून घेण्याचे काम कायद्याने त्यांच्यावरच टाकले आहे.

आणि दत्तकाच्या रांगेत उभ्या असलेल्या परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या जोडप्यांना विनंती आहे. अर्जात वयाचा रकाना भरताना ‘शून्य ते दोन’ वर खूण करण्याआधी एकदा थांबा. सहा वर्षांचे, तुमचीच बोली बोलणारे, तुमच्याच हवेत वाढलेले मूल कदाचित दोन गल्ल्या सोडून वाट पाहत असेल. त्याला भेटायला तुम्हाला पासपोर्ट लागणार नाही. संध्याकाळी भेटून रात्री घरी परतता येईल, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येईल. तुम्ही गेलात, तर त्याला मिलानपर्यंत जावेच लागणार नाही.